होमोसिस्टिनचा लाल आकडा आणि बी-१२ चा हिशोब

पुण्याहून किंवा नाशिकहून आई-बाबा सहा महिन्यांसाठी ऑकलंडला येतात तेव्हा लोणची-मसाल्यांबरोबर एक फाईलही आणतात, 'फुल बॉडी चेकअप'ची. तिच्यात होमोसिस्टिनचा आकडा २५ किंवा ३० असतो आणि त्याला लाल खूण केलेली असते. घरात लगेच हृदयविकाराची आणि पक्षाघाताची चर्चा सुरू होते. तुम्ही ती फाईल जीपीला दाखवता, तर तो त्या आकड्याला फारसे महत्त्व देत नाही. अनेकांना हा निष्काळजीपणा वाटतो. मला तसे वाटत नाही. पण तो आकडा नुसता सोडून द्यावा, असेही माझे म्हणणे नाही.

होमोसिस्टिन हे एक अमायनो आम्ल आहे. अन्नातल्या प्रथिनांमधून मिळणाऱ्या मेथिओनिनपासून ते शरीरातच तयार होते. त्याचे परत मेथिओनिन करायला फोलेट आणि बी-१२ ही जीवनसत्त्वे लागतात. दुसऱ्या वाटेने त्याची विल्हेवाट लावायला बी-६ लागते. यातले काही कमी पडले की होमोसिस्टिन रक्तात साचते. साधारणपणे १५ मायक्रोमोल प्रति लिटरच्या वरची पातळी जास्त मानतात. मूत्रपिंडे नीट काम करत नसतील तरीही ती वाढते.

हृदयाशी त्याचा संबंध प्रथम जोडला तो अमेरिकेतल्या किल्मर मॅककली या विकृतिशास्त्रज्ञाने, १९६९ साली. रक्तात होमोसिस्टिन अतोनात वाढवणाऱ्या दुर्मिळ जन्मजात दोषांमुळे दगावलेल्या मुलांच्या रोहिण्या म्हाताऱ्या माणसासारख्या खराब झालेल्या त्याला दिसल्या. पुढे अनेक पाहण्यांत दिसले, की ज्यांचे होमोसिस्टिन जास्त त्यांना हृदयविकार आणि पक्षाघातही जास्त. मग जीवनसत्त्वे देऊन होमोसिस्टिन उतरवले की हृदय वाचेल, असे वाटणे साहजिक होते.

प्रत्यक्षात तसे घडले नाही. २००६ साली 'होप-२' या चाचणीचे निष्कर्ष आले. ५,५२२ रुग्णांपैकी निम्म्यांना फोलिक आम्ल, बी-६ आणि बी-१२ दिले होते. त्यांचे होमोसिस्टिन उतरले, पण हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. पक्षाघात मात्र थोडे कमी झाले. २०१५ मध्ये चीनमधल्या वीस हजारांहून अधिक रक्तदाबाच्या रुग्णांवरच्या चाचणीतही, औषधाला फोलिक आम्लाची जोड दिल्यावर पक्षाघात सुमारे एक पंचमांशाने घटले. म्हणजे पक्षाघाताबाबत काही तथ्य आहे, विशेषतः जिथे आहारात फोलेट कमी आहे तिथे. 'हृदयासाठी' म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या बी-जीवनसत्त्वांच्या गोळ्यांना मात्र यातून आधार मिळत नाही.

मग आपल्या माणसांचा आकडा इतका वर का? याचे उत्तर पुण्यातच मिळाले आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली. त्यातल्या ६७ टक्क्यांमध्ये बी-१२ कमी होते आणि ५८ टक्क्यांमध्ये होमोसिस्टिन जास्त होते. शहरी मध्यमवर्गात बी-१२ कमी असलेले तर ८१ टक्के निघाले. शाकाहारी लोकांना हा धोका कितीतरी अधिक होता. फोलेटची कमतरता हे कारण मात्र अगदी किरकोळ ठरले. वरणभात, पालेभाज्या, उसळी खाणाऱ्याला फोलेट मिळते. बी-१२ वनस्पतींत नसतेच.

न्यूझीलंडमध्ये राहणाऱ्यांनी इथे जरा थांबून विचार करावा. १४ ऑगस्ट २०२३ पासून इथल्या पावाच्या गव्हाच्या पिठात (सेंद्रिय पीठ वगळून) फोलिक आम्ल घालणे सक्तीचे आहे. बाळांच्या मेंदू-मज्जारज्जूतले जन्मदोष टाळण्यासाठीचा हा निर्णय उत्तमच आहे. पण त्या पिठात बी-१२ नाही. म्हणजे जे आपल्याकडे आधीच बरे होते त्याची भर पडली आणि जे कमी होते ते तसेच राहिले. त्यात घरच्या घरी फोलिक आम्लाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या सुरू केल्या, तर रक्तक्षय सुधारलेला दिसतो आणि बी-१२ अभावी नसांची हानी आतल्या आत चालू राहते. पायांना मुंग्या येणे, तोल जाणे, विसरभोळेपणा ही लक्षणे मग 'वय झालं' म्हणून सोडून दिली जातात. यातले काही नुकसान नंतर भरून येत नाही. मला खरी काळजी याची वाटते.

आणि हृदयाचे काय? इथे पाच वर्षांतला धोका मोजण्याची जी समीकरणे वापरतात, ती इथल्याच सुमारे चार लाख लोकांच्या माहितीवर बेतलेली आहेत. त्यात वय, धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, मधुमेह, घरातला इतिहास आहे. भारतीय वंशाची वेगळी नोंदही आहे. होमोसिस्टिन नाही. दक्षिण आशियाई पुरुषांनी ३० व्या आणि स्त्रियांनी ४० व्या वर्षीच ही तपासणी सुरू करावी, अशी शिफारस आहे. इतरांपेक्षा पंधरा वर्षे आधी! आई-बाबांच्या होमोसिस्टिनची चिंता करणाऱ्या चाळिशीतल्या किती मुलांनी स्वतःची ही तपासणी केली आहे?

म्हणून जीपीकडे जाताना दोन प्रश्न वेगळे ठेवा. हृदयासाठी विचारा, "माझा पाच वर्षांचा धोका किती?" आणि होमोसिस्टिन वाढलेले असेल तर स्पष्ट सांगा, "आम्ही शाकाहारी आहोत, बी-१२ तपासाल का?" मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर तेही सांगा, कारण त्यानेही बी-१२ कमी होते. होमोसिस्टिनची तपासणी अगदीच निरुपयोगी नाही. बी-१२ चा अहवाल काठावरचा असेल किंवा तरुणपणी पक्षाघात झाला असेल, तर डॉक्टर ती मुद्दाम करून घेतात.

दूध-दही रोज घ्या. इथले दूध पाश्चराइज्ड असते, सायीसाठी ते पुन्हा पुन्हा उकळले तर बी-१२ चा काही भाग वाया जातो. सोया दूध घेत असाल तर त्यात बी-१२ घातले आहे का, ते डब्यावर पाहा. कमतरता निघालीच तर गोळ्या किंवा इंजेक्शन हा साधा, स्वस्त उपाय आहे. तो हृदयविकार टाळेल असे मी म्हणणार नाही. पण तुमच्या आई-बाबांच्या नसा वाचवेल, आणि तेवढे कारण पुरेसे आहे.