पोरवयाचे वेड म्हणे!

एखाद्या गोष्टीला हलके नाव दिले की तिचा विचार करण्याच्या श्रमांतून मनुष्य सुटतो. डोरोथी बुसी या इंग्रज लेखिकेच्या ‘ऑलिव्हिया’ या लहानशा कादंबरीवर मध्यंतरी एका वाचनमंडळात चर्चा झाली. तीत आम्हीही होतो. कादंबरीचा विषय असा : सोळा वर्षांची एक इंग्रज मुलगी फ्रान्समधील मुलींच्या शाळेत शिकावयास जाते, आणि तेथील मुख्याध्यापिका मादमोआझेल जुली हिच्यावर तिचे मन जडते. ते प्रेम सफल होत नाही, होण्यासारखे नव्हतेच. चर्चेअंती विद्वान मंडळींनी तीन निकाल दिले. एक म्हणाले, हे पोरवयाचे वेड. दुसरे म्हणाले, ही गुरुभक्ती, तिला भलते नाव कशाला. तिसरे म्हणाले, ही पाश्चात्यांची थेरे, आपणांस त्यांचे काय? इतके झाल्यावर सभा समाधानाने चहाकडे वळली. आमचे समाधान झाले नाही, म्हणून हा लेख.

प्रथम वेडाचा विचार करू. लेखिकेचा जन्म १८६५ सालचा. फाँतेनब्लो येथे मारी सुवेस्त्र या विदुषीने चालविलेल्या शाळेत ती स्वतः शिकली, आणि कादंबरीतील शाळा त्याच शाळेवरून बेतलेली आहे. पुस्तक तिने लिहिले ते १९३३ साली, म्हणजे साठी कधीच उलटून गेल्यावर. हस्तलिखित तिने सुप्रसिद्ध फ्रेंच लेखक आंद्रे जीद यास दाखविले. त्याच्या ग्रंथांची इंग्रजी भाषांतरे हीच करीत असे. त्याने उत्तेजन दिले नाही, आणि हस्तलिखित बासनात गेले. अखेर १९४९ साली लंडनच्या होगार्थ प्रेसने ते छापले, तेही लेखिकेचे नाव न घालता, ‘ऑलिव्हिया’ याच टोपणनावाने. तोवर तिच्या वयाची त्र्याऐंशी वर्षे पुरी झाली होती. पुस्तक गाजल्यावर जीदने आपली चूक कबूल केली. आता आम्ही विचारतो : जे वेड पन्नास वर्षे टिकते आणि पिकल्या केसांनी एवढ्या संयमाने लिहिले जाते, ते पोरवयाचे कसे?

यावर असे म्हणण्यात येते की, डोरोथीबाईंनी पुढे सिमाँ बुसी या फ्रेंच चित्रकाराशी लग्न केले, त्यांना मुलगी झाली. तेव्हा पहिले वेड गेलेच की नाही? हा युक्तिवाद मोठा चमत्कारिक आहे. पुरुषाने पहिल्या प्रीतीनंतर दुसरीशी संसार थाटला, तर ती पहिली प्रीती खोटी होती असे आम्ही कधी म्हणतो काय? उलट ती त्याच्या काव्यसंग्रहाच्या आरंभी मोठ्या गौरवाने मिरविते. मग हाच न्याय स्त्रीच्या वाट्यास का येऊ नये?

आता गुरुभक्ती. भक्ताला देवाचे उत्तर नाही आले तरी त्याची पूजा चालते. ऑलिव्हियाची गोष्ट तशी नाही. ती रात्री पावलांच्या आवाजाकडे कान लावून जागते, दुसऱ्या मुलींचा मत्सर करते, एका शब्दाने फुलते नि एका मौनाने कोमेजते. हे प्रेम उगवते कोठे, तेही पाहण्यासारखे आहे. जुली आपल्या विद्यार्थिनींस रासीनचे नाटक वाचून दाखवीत असते, आणि ऐकता ऐकता ही मुलगी स्वतःची राहत नाही. ज्या घरातून ती आली तेथे बुद्धीचा आदर होता, पण भावना बोलून दाखविण्याची रीत नव्हती. लेखिकेचे स्वतःचे घर असेच भारदस्त. तिचे वडील सर रिचर्ड स्ट्रेची हे हिंदुस्थानातील बडे अधिकारी. १८७८ च्या दुष्काळ कमिशनचे ते अध्यक्ष होते. अशा घरातील मुलीला परक्या भाषेत आपले मन प्रथम बोलके झालेले आढळले. तिने त्या स्त्रीवर प्रेम केले आणि त्या भाषेवरही केले, आणि ही दोन प्रेमे तिला कधीच वेगळी करता आली नाहीत. याला भक्ती म्हणून देव्हाऱ्यात बसविणे ही त्या मुलीचे तोंड बंद करण्याचीच एक सभ्य रीत होय.

येथे कोणी विचारील, मग शिक्षिकेने त्या प्रेमास प्रतिसाद द्यावयास हवा होता काय? मुळीच नाही. कोवळ्या मनाचा विश्वास ज्याच्या हाती आहे, त्याने त्याचा लाभ घेणे यासारखे पातक नाही. जुली लाडक्या मुलींना जवळ करते आणि अकस्मात दूरही लोटते. तिचा तो दोष आम्ही झाकीत नाही. परंतु प्रेमाला नकार देणे निराळे आणि ते प्रेमच नव्हे म्हणणे निराळे. नकार पचवून माणूस जगतो. आपल्याला जे झाले ते झालेच नाही असे चार शहाण्यांनी सांगितले, म्हणजे मात्र त्याच्या पायांखालची जमीन जाते.

राहता राहिली पाश्चात्यांची थेरे. ज्या विलायतेच्या माथी आपण हे मारतो, तिने तरी याचे कोणते स्वागत केले? १९२१ साली स्त्रियांमधील अशा संबंधांस गुन्हा ठरविणारे कलम तेथील कनिष्ठ सभागृहाने मंजूर केले. उमराव-सभेने ते फेटाळले. फेटाळण्याचे कारण औदार्य नव्हे! बहुतेक स्त्रियांच्या ते कानीही गेलेले नाही, कायदा करून कशाला सांगा, असा तो युक्तिवाद होता. झाकली मूठ सव्वा लाखाची! १९२८ साली रॅडक्लिफ हॉल या लेखिकेची ‘द वेल ऑफ लोन्लिनेस’ ही कादंबरी लंडनच्या न्यायाधीशाने अश्लील ठरविली आणि तिच्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला. डोरोथीबाई लिहावयास बसल्या त्या यानंतर पाचच वर्षांनी. परंतु कोंबडे झाकल्याने उजाडावयाचे थोडेच राहते? आमच्याकडे तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक १९८१ साली रंगभूमीवर आले. त्यातील मराठी मुलगी कोणत्या फ्रेंच शाळेत गेली होती? तिचेही प्रेम विफलच झाले, आणि शेवटी तिने आत्मघात केला. ऑलिव्हियाला मात्र तिच्या लेखिकेने म्हातारपण दिले, आणि मागे वळून पाहण्यास एक शांत दृष्टी दिली. आमच्या वाङ्मयाने अशा मुलीला म्हातारपण देण्याचे कधी मनावर घेतले आहे काय?

हे सारे आम्ही दुसऱ्यांस सुनावतो आहो, तेव्हा आमचाही गुन्हा सांगितला पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या वर्गातील एका मुलीने निबंधाच्या वहीत वसतिगृहातील आपल्या मल्याळी मैत्रिणीविषयी चार पाने लिहिली होती. मैत्रिणीचे लग्न ठरले होते, आणि या मुलीच्या मनातले तिला ठाऊकही नव्हते. तिच्यासाठी ही मल्याळम लिपी शिकत होती. पानाच्या शेवटी त्या लिपीत एक ओळ होती, ती आम्हांस वाचता आली नाही. वाचून घेण्याची खटपटही आम्ही केली नाही. तांबड्या शाईने आम्ही शेरा मारला : ‘भाषा चांगली. वयाबरोबर हे जाईल.’ त्यानंतर त्या मुलीने आमच्याकडे वही दिली नाही.

६ सप्टेंबर २०१८ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींच्या परस्परसंमत समलिंगी संबंधांवरील गुन्ह्याचा शिक्का पुसला, हे योग्यच झाले. परंतु आमचा तो शेरा कोणतेही न्यायालय पुसू शकत नाही. तो घरोघरी जेवणाच्या पाटावर आणि शाळाशाळांतून रोज मारला जातो, आणि बहुधा मायेनेच मारला जातो. आईबापांस व आमच्या व्यवसायबंधूंस आमची एवढीच विनंती आहे की, अशी वही पुढे आली तर हसू नये, घाबरू नये, आणि कालगणना तर मुळीच करू नये. ती ओळ काय आहे, एवढे विचारावे. आम्ही विचारले नाही.