विचारल्याशिवाय न बोलणारी पानं

"गुगलवर नाही म्हणजे कुठेच नाही," असं आमच्या घरात आता सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. गुगलबाबाला ठाऊक असतं ते त्याच्या हाताला लागलेलं तेवढंच. आणि हाताला लागायची मुख्य रीत तीच जुनी: एका पानावरच्या दुव्यावरून दुसऱ्या पानावर जायचं, तिथून तिसऱ्यावर.

आता काही पानं आधीच लिहून ठेवलेली असतात, तर काही मागितल्यावर तयार होतात, हॉटेलातल्या डोशासारखी. चौकटीत लेखकाचं नाव लिहा, 'शोधा'वर टिचकी मारा, की विदागारातून लेख निघतो आणि पान वाढलं जातं. माणसाला हे सोयीचं. पण शोधयंत्राचा क्रॉलर तिथे आला की त्याला दिसते फक्त रिकामी चौकट. तिच्यात काय लिहायचं हे त्याला कोण सांगणार? २००८ साली गुगलने सांगितलं होतं, की काही निवडक संस्थळांवर त्यांचा क्रॉलर तिथलेच शब्द घालून फॉर्म भरून बघतो. पण त्या भरवशावर कुणी बसू नये.

गंमत म्हणजे वर्डप्रेसवरचे ब्लॉगसुद्धा विदागारातूनच निघतात, आणि ते व्यवस्थित सापडतात. कारण प्रत्येक नोंदीला कायमचा पत्ता असतो आणि जुन्या नोंदींची यादी बाजूला असते. म्हणजे दोष पान आयत्या वेळी तयार होण्यात नाही, त्याला पत्ता आणि वाट नसण्यात आहे. (उलटा प्रकारही असतो. 'पुढचा महिना' असा दुवा असलेल्या कॅलेंडरमध्ये क्रॉलर शिरला, की बिचारा २०९० सालापर्यंत चालत राहील!)

२००५ साली गुगलने साइटमॅपची पद्धत आणली, २००६ मध्ये याहू आणि मायक्रोसॉफ्टनेही ती मानली. एका फाइलीत ५० हजार पत्ते मावतात. पण मुळात पत्ताच नसेल तर यादीत लिहिणार काय?

हे सगळं आठवायचं कारण माझी आत्या. तिचे काही लेख एका मंडळाच्या जुन्या अंकांत आले होते. मंडळींनी ते अंक पदरमोड करून, रात्री जागून युनिकोडमध्ये टंकले. त्या कष्टांना माझा नमस्कारच आहे. पण संस्थळावर होती ती एकुलती एक शोधचौकट. अनुक्रमणिका नाही! दिवाळी अंक कुणी अनुक्रमणिकेशिवाय छापतं का? पुढे कधीतरी पैसे भरायचे राहिले आणि संस्थळ बंद पडलं. इंटरनेट आर्काइव्हमध्ये पाहिलं, तर मुखपृष्ठ आहे, चौकटही आहे, पण टिचकी मारली तर काही होत नाही. त्यांचा क्रॉलरही दुव्यांवरूनच चालतो ना.

यावर एक उत्तर नेहमी ऐकायला मिळतं: "उघडं ठेवलं तर लोक चोरतात." चोरतात, कबूल. बिननावाचे ढकललेले मेल आपण सगळ्यांनी वाचलेत. पण ज्याला चोरायचंय त्याला ती चौकट थोडीच अडवते? अडतो तो मूळ लेखकाचा शोध घेणारा माणूस. नावासकट, तारखेसकट पान शोधयंत्रात असेल, तर निदान "हे आधी कुणी लिहिलं" एवढं तरी दाखवता येतं.

तुमचं किंवा तुमच्या मंडळाचं असं संस्थळ असेल तर त्यातल्या जुन्या लेखातलं एखादं वाक्य अवतरणचिन्हांत घालून गुगलवर टाकून बघा. काहीच आलं नाही, तर सगळ्या लेखांचे दुवे असलेलं एक साधं पान करा. दिसायला ओबडधोबड असलं तरी चालेल.

असो. आत्याच्या लेखांचे दोन मूळ अंक मिळालेत. बाकीचे कुणाच्या माळ्यावर असतील तर कळवा. टंकायला मी बसेन.