नैराश्याच्या औषधोपचाराची लेखी पद्धत माळशिरस तालुक्यात लागू करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हा शल्यचिकित्सक, सोलापूर
(मार्फत : मा. तहसीलदार, माळशिरस)

महोदय,

नैराश्याचा रुग्ण दवाखान्यात येतो तो डोके जड पडले, झोप लागत नाही, अंगात त्राण नाही म्हणून. सलाइन आणि ताकदीच्या गोळ्या घेऊन परत जातो. ज्याचे निदान होते, त्याचीही गोळी बहुधा पंधरा दिवसांत सुटते. फ्लुओक्सेटिनसारख्या औषधाचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी सहाही लागतात. मळमळ आणि बेचैनी मात्र आधीच सुरू होते. हे कोणी सांगितलेले नसते. मग घरचेच म्हणतात, "काय फरक नाही, बंद कर." पुढे दुसरा डॉक्टर, दुसरी गोळी, नाहीतर नुसती झोपेची. तज्ज्ञाला दाखवायचे तर सोलापूर शंभर किलोमीटरहून लांब; एका फेरीत मजुराचा रोज बुडतो.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) नैराश्याचे शंभरातले सुमारे ८५ रुग्ण उपचाराविना आढळले. यावर मार्ग आहे. गोव्यातील 'मानस' प्रयोगात प्रशिक्षित समुपदेशक, डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञ यांनी टप्प्याटप्प्याने उपचार केले. शासकीय प्राथमिक आरोग्य केंद्रांतील रुग्ण त्यामुळे अधिक प्रमाणात बरे झाले. ते निष्कर्ष २०१० मध्येच 'लॅन्सेट'मध्ये आले आहेत.

म्हणून आमची मुख्य मागणी अशी, की तालुक्यातील प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात उपचाराची लेखी पद्धत असावी. नऊ प्रश्नांच्या चाचणीने तीव्रता नोंदवावी. पूर्वी उन्मादाचा झटका येऊन गेला का, हे विचारूनच गोळी सुरू करावी. दोन आठवड्यांनी पुन्हा तपासावे. पुरेशा मात्रेने चार ते सहा आठवड्यांत फरक न पडल्यास औषध बदलावे किंवा तज्ज्ञाकडे पाठवावे. बरे वाटल्यावरही किमान सहा महिने औषध चालू ठेवून मग हळूहळू कमी करावे. बीपी-शुगरसारखे कार्ड द्यावे. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार असल्यास त्याच दिवशी तज्ज्ञाकडे पाठवावे; गोळ्या थोड्याच द्याव्यात, त्याही घरच्यांच्या ताब्यात.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम १८ नुसार अत्यावश्यक यादीतील औषधे सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या शासकीय रुग्णालयांत मोफत मिळायला हवीत. ती प्राथमिक केंद्रांतही कायम ठेवावीत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक अकलूजला ठरलेल्या वारी यावे, आशाताईंना प्रशिक्षण मिळावे आणि टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक केंद्रावर ठळक लावावा.

यांपैकी कोणती मागणी कधीपर्यंत पूर्ण होईल, हे तारखेसह लेखी कळवावे, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
नैराश्याच्या रुग्णांचे नातेवाईक व नागरिक,
माळशिरस तालुका