जवस पेरताय? आधी तारीख बघा

यंदा जवस पेरणार असाल, तर खताच्या दुकानात जाण्याआधी कॅलेंडर बघा.

विदर्भात जवसाच्या वाट्याला बहुतेक उरलेलं रान आणि उरलेला वेळ येतो. सोयाबीन निघालं, विकलं, मग सवडीनं जवस. पण कोरडवाहू जमिनीतली ओल तुमच्या सवडीसाठी थांबत नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरणी उरका. ओलिताची सोय असेल तर नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत चालेल.

फार उशीर केलात तर गादमाशी गाठते. तिची अळी कळी आतून खाते आणि त्या कळीचं बोंडच होत नाही. मग कितीही युरिया टाका, गेलेलं बोंड परत येत नाही.

तिफणीनं पेरा. दोन ओळींत फूटभर अंतर ठेवा. एकरी 8 ते 10 किलो बियाणं पुरतं. दाणा बारीक असतो, बोटाच्या एका पेरापेक्षा खोल जाऊ देऊ नका. फोकून पेरलंत तर डवरा चालवता येणार नाही, निंदणाची मजुरी वाढेल. पहिला महिनाभर जवस तणापुढं टिकत नाही, तेव्हा हात आखडू नका.

आता खत. कोरडवाहू जवसाला एकरी साधारण 10 किलो नत्र आणि 10 किलो स्फुरद लागतं. म्हणजे अर्धी गोणी युरिया आणि सव्वा गोणी सिंगल सुपर फॉस्फेट. सगळं पेरतानाच द्या, नंतर कोरड्या मातीवर फेकलेलं मुळाला लागत नाही. दुकानदार डीएपी पुढं करेल. पण सुपर फॉस्फेटमध्ये गंधक असतं, डीएपीत नसतं. आणि तेल भरायला गंधकच लागतं. माती तपासलेली असेल तर अर्थात त्या कागदाचं ऐका.

ओलिताच्या जवसाला नत्र जास्त लागतं. अर्धं पेरताना, अर्धं महिन्यानं पहिल्या पाण्याबरोबर द्या. शेजाऱ्याचं हिरवंगार रान पाहून आणखी एक गोणी फोडायचा मोह होतो. तो आवरा. जास्त नत्रानं जवस उंच वाढतं, लोळतं आणि घाण्यावर तेल कमी उतरतं.

फुलोऱ्यात आणि बोंडं भरताना पाण्याचा ताण पडू देऊ नका.

बोंडं तपकिरी झाली, पानं गळाली, की लगेच कापा. घरच्या चटणीपुरतं जवस बाजूला ठेवा. तेल मात्र लागेल तसं थोडं थोडंच काढून आणा, ते लवकर खवट होतं.