विजेच्या मोटारी आणि आमचा घाटमाथा

गतवर्षीच्या स्नेहसंमेलनास नागपुराहून जे पाहुणे आले, ते ठरल्या वेळेनंतर सव्वादोन तासांनी पोहोचले, हे आमच्या विद्यार्थिमित्रांच्या स्मरणात असेलच. स्वागतगीताची तालीम मंडपात तीन वेळा झाली. चौथ्या वेळी पेटी वाजविणाऱ्या मुलाने हात टेकले. पाहुण्यांची मोटार विजेवर चालणारी होती. वाटेत जेथे ती भरून घ्यावयाची, तेथील एक यंत्र बंद पडलेले, व जे चालू होते त्यापुढे दोन गाड्या आधीच तिष्ठत उभ्या. पुढचा सारा प्रवास त्यांनी उकाडा सोसून, वाताचे यंत्र बंद ठेवून, बैलगाडीच्या सावधपणाने केला. शाळेत पाऊल ठेवताच त्यांनी पाणी मागितले नाही. पंधरा अँपियरचा प्लग कोठे आहे, हे विचारले.

तो प्लग प्रयोगशाळेत होता. मोटार खिडकीखाली उभी राहिली व वायर गजांतून आत गेली. वसतिगृहातील मुलांनी आपण होऊन दर तासाला मीटर वाचून वहीत आकडे टिपले. सायंकाळी सातपासून सकाळी सातपर्यंत, बारा तासांत, ३३ युनिट वीज गेली. म्हणजे तासाला पावणेतीन युनिट. पदार्थविज्ञानाचा असा धडा आम्ही वर्षभरात फळ्यावर देऊ शकलो नसतो! त्या वहीनेच हा लेख लिहावयास आम्हांस प्रवृत्त केले.

मोटारीतील बॅटरी केवळ एकदिश प्रवाह घेते, आणि आपल्या घरी येतो तो प्रत्यावर्ती. घरच्या प्लगास गाडी जोडली असता हा पालट गाडीतील लहानसे यंत्र करते. म्हणून सारी रात्र लागते. जलद चार्जिंगच्या ठिकाणी पालट करणारे यंत्र मोठे असून ते गाडीबाहेर, खांबाप्रमाणे उभे असते, व थेट बॅटरीस प्रवाह देते. साठ किलोवॅटचे यंत्र असेल, तर ज्या ३३ युनिटांस आमच्या प्रयोगशाळेत बारा तास लागले, ती पाऊण तासाच्या आतबाहेर भरतात. प्रवाशाने चहा घ्यावा, मुलांस पाय मोकळे करू द्यावेत, तोवर काम आटोपते.

परंतु साठ किलोवॅट म्हणजे किती, हे आमच्या शेतकरी पालकांस त्यांच्याच मापाने सांगितले पाहिजे. पाच अश्वशक्तीच्या शेतीपंपास पावणेचार किलोवॅटच्या आसपास वीज लागते. तेव्हा असे एक यंत्र चालू होणे म्हणजे सोळा पंप एकदम चालू होणे होय. गावाच्या शिवेवर जी डीपी असते, ती बहुधा ६३ किंवा १०० केव्हीएची. ६३ केव्हीएच्या डीपीवर हे यंत्र बसविले तर दुसऱ्या कोणास काही उरणार नाही. ही अडचण महामार्गाच्या नकाशावर दिसत नाही. गावच्या डीपीखाली उभे राहिले म्हणजे दिसते.

कित्येकांचा असा समज आहे की, डोंगराळ मुलखात विजेच्या मोटारी चालणे दुर्घट, कारण चढावर बॅटरी झपाट्याने उतरते. हिशेब करून पाहावा. अकोल्याहून वाशिमास येताना पातूर-मेडशीचा घाट चढून आपण सुमारे पावणेतीनशे मीटर उंच येतो. दीड हजार किलोची गाडी एवढी वर उचलण्यास लागणारी शक्ती जेमतेम सव्वा युनिट भरते. सपाट रस्त्यावरील आठनऊ किलोमीटरांचा खर्च तो एवढाच. चिखलदऱ्याचा चढ ह्याहून पुष्कळ मोठा. तरी तेथेही तीनचार युनिटांपलीकडे अधिक जात नाहीत. शिवाय उतारावर हीच मोटार जनित्र बनून त्यातील काही वाटा बॅटरीस परत देते. डिझेलच्या गाडीस हे साधत नाही. तेव्हा डोंगरास दोष देऊ नये. खरी अडचण डोंगरातील विरळ वस्तीची आहे. जेथे दिवसाकाठी दोनतीन गाड्या येणार, तेथे लाखो रुपयांचे यंत्र बसवून नफा होत नाही. म्हणून कंपनी तेथे फिरकत नाही. कंपनी फिरकत नाही म्हणून विजेची गाडी घेण्यास कोणी धजत नाही. आणि गाड्या नाहीत म्हणून कंपनी पुन्हा येत नाही.

ह्या फेऱ्याचा अनुभव आमच्या जिल्ह्यास नवा नाही. १८६७ साली मुंबईची आगगाडी नागपुरास पोहोचली, ती अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा ह्या घाटाखालच्या सपाटीवरून. वाशिम पूर्वी जिल्ह्याचे ठाणे होते. पण रूळ घाट चढून आले नाहीत. १९०५ मध्ये तो जिल्हा मोडून वाशिम अकोल्यात मिळविण्यात आले. आगगाडी वाशिमास आली ती स्वातंत्र्यानंतर, आणि जिल्हा पुन्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. कारंज्यास मात्र कापसाच्या पेठेमुळे मूर्तिजापूर-यवतमाळ हा अरुंद रुळांचा फाटा विसाव्या शतकाच्या आरंभीच मिळाला. तीच आपली शकुंतला. गाडी मंद होती खरी, पण मुख्य मार्गापासून दूर असलेल्या गावांशी तिने संबंध जोडला. आम्ही मागतो आहोत तो असाच फाटा, विजेचा.

आता समृद्धी महामार्ग सुमारे शंभर किलोमीटर आमच्या जिल्ह्यातून जातो. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला भाग ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, व शेवटचा ५ जून २०२५ रोजी. कारंजा, शेलूबाजार व मालेगाव येथे त्यावरून उतरता येते. राज्याच्या २०२५ च्या धोरणाने विजेच्या मोटारींस ह्या मार्गावर पथकरातून सूट दिली, व महामार्गांवर दर २५ किलोमीटरांस चार्जिंगची सोय असावी असे ठरविले. हे सर्व स्तुत्य आहे. तथापि हे २५ किलोमीटर मोजावयाचे कोठून कोठे? महामार्गाच्या अंगाने मोजले, तर नागपूरचा प्रवासी सुखाने मुंबईस जाईल, आणि मानोरा, रिसोड, पोहरादेवी ही स्थळे जेथल्या तेथे राहतील. पोहरादेवीस यात्रेत बंजारा बांधवांचे तांडेच्या तांडे दूरदूरच्या प्रांतांतून येतात. त्यांच्या गाड्यांनी उद्या वीज भरावी कोठे?

आम्ही हे विचार एका पालकांपाशी बोलून दाखविले, तेव्हा ते म्हणाले, "सर, आमच्या मोटरीले रात्रीच्या दोन वाजता लाईन येते, अन् तुमी या मोटारीची कायजी करून रायले!" आम्ही निरुत्तर झालो, हे कबूल करतो. थंडीच्या रात्री बॅटरी हाती घेऊन हरभऱ्यास पाणी देणाऱ्या मनुष्यास पाहुण्याच्या गाडीचे दुःख सांगणे शोभत नाही. घरी येऊन विचार केल्यावर असे वाटले की, त्यांचे म्हणणे आमच्या म्हणण्याच्या आड येत नाही, उलट त्यास वळण लावते. जलद चार्जिंगचे यंत्र गावात यावयाचे तर ते स्वतःची डीपी घेऊन यावे; गावच्या डीपीवर त्याने हात टाकू नये. आणि जेथे शेतीसाठी सौर प्रकल्पातून दिवसा वीज देण्याचे काम चालू आहे, तेथे त्याच्या शेजारीच हे यंत्र उभारावे. प्रवासी बहुधा दिवसाच येतात, व सूर्यही दिवसाच असतो.

यंत्र उगाच प्रचंड असू नये, असेही आमचे मत आहे. एकशेवीस किलोवॅटचे एक बसविण्यापेक्षा तीस-तीस किलोवॅटची दोन बसवावीत. एक बिघडले तर दुसरे चालू राहील, हा धडा आम्ही सव्वादोन तास मंडपात बसून शिकलो आहो. जागा निवडावी ती तालुक्याच्या एस. टी. स्थानकाजवळ किंवा बाजार समितीजवळ, जेथे सावली, पाणी, शौचालय व चार माणसे असतात. एस. टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरास (आताच्या अहिल्यानगरास) गेली, व २०२२ साली त्याच दिवशी, त्याच मार्गावर तिची पहिली विजेची गाडी धावली. आमच्या आगारांत अशा गाड्या यावयाच्या तर जाडी तार, डीपी व यंत्र तेथे न्यावेच लागेल. मग त्याच्याच एका बाजूस खासगी मोटार, रिक्षा व रुग्णवाहिका ह्यांस का जागा असू नये?

आणखी एक बाब लहान, पण मोठ्या त्रासाची. ही यंत्रे फोनवरून सुरू करावी लागतात, दर कंपनीचे ॲप निराळे, आणि डोंगराच्या आड फोनला रेंज नसते. यंत्र समोर, वीज तारेत, पैसे खिशात, आणि तरी गाडी उपाशी! रोख पैसे घेऊन यंत्र चालू करून देणारा एखादा मनुष्य तेथे असला म्हणजे पुरे. हे काम गावच्या महिला बचतगटाने सहज करावे; चहाची किटली ठेवल्यास मिळकतीत भरच पडेल.

नफ्याचा प्रश्न राहतोच. पण खेड्यातील टपालकचेरीस नफा होतो की नाही, हे पाहून कोणी ती उघडली काय? पहिली काही वर्षे सरकारनेच हा भार सोसावा. केंद्र सरकारच्या २०२४ च्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत केवळ चार्जिंगच्या सोयींकरिता २,००० कोटी रुपये राखून ठेवले गेले. त्यातील वाटा मागणाऱ्या गावासच मिळेल, न मागणाऱ्यास नव्हे. असे ठिकाण चालविण्यास वीजविक्रीचा परवाना लागत नाही, हे केंद्राने २०१८ सालीच स्पष्ट केले आहे. म्हणजे ग्रामपंचायत, सहकारी सोसायटी वा बचतगट ह्यांपैकी कोणीही पुढे होऊ शकतो.

आमचे बहुतेक पालक आपापल्या ग्रामसभेचे सभासद आहेत. त्यांनी येत्या सभेत हा विषय काढावा, व ठरावात स्वतंत्र डीपीची अट प्रथम लिहावी. मसुदा करून देण्यास आमचे दहावीचे विद्यार्थी तयार आहेत. मीटरच्या आकड्यांची ती वही प्रयोगशाळेतील कपाटात ठेवली आहे, ज्यांस पाहावयाची असेल त्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर यावे.