हमी कामाची की पैशाची?

विश्रामबागला आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी महिन्यातून एकदा मोबाईल माझ्यापुढे धरतात. "काका, पंधराशे आलं का बघा की." बँकेतून निवृत्त झालो, तरी काउंटर काही सुटला नाही! परवा पैसे जमा झालेले होते. तरी जाता जाता मावशी म्हणाल्या, "तेला-मिठाचं भागतंय ह्याच्यात. पण पोरगं घरात बसून हाय, त्याचं काय?"

बेकाराला काम द्यावे की रोख पैसे, हा वाद जगभर चालू आहे. आपल्याकडे २०१७ च्या आर्थिक पाहणी अहवालाने सर्वांना किमान उत्पन्न देण्याची चर्चा केली; २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेने रोख मदत घराघरांत पोचवली. पण या वादातल्या दुसऱ्या बाजूचे, कामाच्या हमीचे, बी आपल्याच जिल्ह्यात रुजले, हे किती जणांना आठवते?

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून हा प्रयोग प्रथम तासगाव तालुक्यात झाला. मग १९७२ चा दुष्काळ आला. मी तेव्हा शाळेत होतो. उन्हात खडी फोडणाऱ्या बायका आणि सुकडीसाठी भांडे घेऊन उभी असलेली मुले अजून डोळ्यांपुढे आहेत. १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला. २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. त्याच्या खर्चासाठी १९७५ पासूनच नोकरदारांवर व्यवसाय कर बसला होता. बँकेत लागल्यावर पगारातली ती कपात पाहून मीही कुरकुरलो होतो. जत-आटपाडीच्या मजुराशी आपल्याला जोडणारा तो धागा होता, हे फार उशिरा उमगले.

योजनेत दोष नव्हते असे नाही. मस्टरवर खोटी नावे चढत, मोजमाप रखडे. पुढे मजुरी खात्यात जमा होऊ लागली, तेव्हा दुष्काळी भागातल्या एका शाखेत मी होतो. कोऱ्या पासबुकाकडे पाहून परत जाणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. अशा वेळी रोख मदत सरळ वाटते. तिला मुकादम लागत नाही. म्हातारी, आजारी, ओली बाळंतीण यांच्या हाती घण कसा द्यायचा? त्यांना पैसेच हवेत.

पण धडधाकट तरुणाचे काय? महिना पंधराशे म्हणजे दिवसाला ५० रुपये. त्यात पोट भरत नाही आणि हाताला कामही मिळत नाही. शिवाय ही मदत सरकारच्या निर्णयाने मिळते; निकष तेच ठरवते, यादीही तेच करते.

पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या कायद्याचे मोठेपण इथे आहे. मजुराने काम मागायचे आणि सरकारने ते १५ दिवसांत द्यायचे. न दिल्यास बेकारी भत्ता द्यायचा. म्हणजे काम आणि पैसा हे वैरी नव्हतेच. भत्ता हा सरकारला लावलेला दंड होता. तो फारसा कुणाच्या पदरी पडला नाही, हे खरे. पण मागणारा याचक नव्हता, हक्कदार होता.

महाराष्ट्राचाच कित्ता गिरवून २००५ मध्ये केंद्राने १०० दिवसांच्या हमीचा कायदा केला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा संमत केला. त्यात दिवस १२५ झाले. मात्र ऐन शेतीहंगामात ६० दिवसांपर्यंत काम थांबवण्याची मुभाही आली. आणि ही हमी पूर्वीसारखीच खेड्यापुरती आहे. मावशींचा मुलगा राहतो शहरात.

तेव्हा काम की पैसा, या प्रश्नाआधी दुसरा विचारायला हवा: जे द्यायचे ते हक्क म्हणून देणार, की मर्जी म्हणून? ज्यांना काम झेपत नाही त्यांना पैशाचा हक्क असावा, ज्यांना झेपते त्यांना कामाचा. आणि दोन्ही कायद्याने बांधलेले असावेत.

पुढच्या महिन्यात मावशी पुन्हा मोबाईल पुढे धरतील. पंधराशे आले की नाही, ते मी सांगू शकेन. काम मिळालेच पाहिजे असा अर्ज त्यांच्या मुलाने कुठे द्यायचा, हे मात्र मला सांगता येणार नाही.