कपची निघाली, पण भाराचे काय?



शर्यतीचा घोडा लंगडू लागला, की 'पाऊल वाकडे पडले असेल' असे म्हणून लोक मोकळे होतात. पुष्कळदा मात्र दोष त्या एका पावलाचा नसतो.

तुमचे मनगट चाचपून पाहा. त्यात लहान लहान हाडे दोन ओळींत बसविलेली आहेत. घोड्याच्या पुढच्या पायात ज्याला आपण 'गुडघा' म्हणतो, ते खरे म्हणजे त्याचे मनगटच होय! ५०० किलोग्रॅमचा घोडा भरधाव धावताना काही क्षण सारा भार पुढच्या एकाच पायावर येतो. त्या वेळी त्या पायावरील बल घोड्याच्या वजनाच्या सुमारे अडीचपट, म्हणजे जवळजवळ १२,००० न्यूटन होऊ शकते. सांधा मागे वाकतो आणि हाडांच्या पुढच्या कडा एकमेकींवर दाबल्या जातात. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे तुम्ही शिकलाच आहात. कडेचे क्षेत्रफळ ते केवढे! तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते ना? तसेच हजारो टापांनी हाड आतून थकत जाते आणि एके दिवशी कडेची कपची उडते.

ही कपची सांध्यातील गुळगुळीत कूर्चेला इजा करते. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे ती झिजली की नीट भरून येत नाही. म्हणून कपची वेळीच काढणे बरे.

पूर्वी त्यासाठी सांधा उघडावा लागे. आता दोन लहान छिद्रे पुरतात. एकातून सुमारे ४ मिलिमीटर जाडीची दुर्बीण आत जाते, तर दुसऱ्यातून चिमटा. न्यूझीलंडचे पशुवैद्य वेन मॅकिलरेथ यांनी अमेरिकेतील कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात ही पद्धत विकसित केली. त्यांचे त्यावरील पुस्तक १९८४ साली निघाले. या दुर्बिणीमागे प्रकाशशास्त्र उभे आहे. हॅरोल्ड हॉपकिन्स या भौतिकशास्त्रज्ञाने नळीत चिमुकल्या भिंगांऐवजी काचेच्या कांड्या बसविल्या आणि प्रतिमा कितीतरी उजळ झाली. भौतिकशास्त्राचा शिक्षक म्हणून मला याचा अभिमान वाटतो.

तरीही माझे मत स्पष्ट आहे. शस्त्रक्रिया कपची काढते, भार काढीत नाही. हाड जिवंत असते. ताण वाढला की ते स्वतःची घडण बदलते, पण त्यासाठी आधी थकलेला भाग पोखरला जातो आणि मग नवा भरला जातो. पोखरणे लवकर होते, भरणे सावकाश. नेमक्या या काळात घोड्याला दामटले, तर दुसरी कपची ठरलेलीच!

कोणी म्हणेल, 'शस्त्रक्रियेनंतर कित्येक घोडे पुन्हा धावतात.' खरे आहे, आणि ती मोठी गोष्ट आहे. शिवाय काही शिंगरांत कपची वाढीतील दोषामुळेही सुटते. तेथे शर्यतीला बोल लावता येणार नाही. पण शर्यतीच्या घोड्याबाबत 'पुन्हा केव्हा धावेल?' या प्रश्नाआधी 'हाड का तुटले?' हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. सरावाचे वेळापत्रक, धावपट्टीचा कठीणपणा आणि विश्रांतीचे दिवस तपासले पाहिजेत. वेदना दडपणारी सुई टोचून त्याला मैदानात उतरविणे हे याचे उत्तर नव्हे.

घोड्याला बोलता येत नाही. लंगडणे हीच त्याची तक्रार आहे. ती बंद करणे सोपे. तिचे कारण दूर करणे हेच विज्ञानाचे काम, नाही का?